परतीची गाडी

गोलकीपरने चेंडू लांब मारला. तो वर गेला, मध्यरेषेच्या अलीकडे कुठेतरी थबकला, क्षणभर हवेतच लोंबकळला आणि उलटा फिरून त्याच्याच गोलच्या मागे जाऊन पडला. पंचाने निमूट कॉर्नरकडे बोट दाखवलं. कुणी हसलंसुद्धा नाही. माझ्या शेजारी उभे असलेले म्हातारेबुवा एवढंच म्हणाले, "आज वारा कमीच आहे तसा."

गावाचं नाव टो लॉ. इंग्लंडच्या ईशान्येला, डरम परगण्यात, समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर वसलेलं. मैदानाच्या एका बाजूला छप्पर, एका बाजूला चहाची टपरीवजा खोली, आणि बाकी सगळा वाराच. मी तिथे कसा पोहोचलो हे सांगायचं तर आधी बसबद्दल बोलावं लागेल.

मुलगी डरमला इस्पितळात नोकरी करते. (उच्चार डरमच. पहिले पंधरा दिवस मी 'डरहॅम' म्हणत होतो आणि बिचारे ड्रायव्हर समजून घेत होते.) व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, म्हणून २०२४च्या सप्टेंबरात आम्ही दोघं गेलो. मुलगी-जावई दोघांच्या ड्यूट्या, नातू शाळेत. हिने पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मला ताब्यात घ्यायला काही उरलं नाही, तेव्हा मी बस स्टँडवर जाऊन बसायला लागलो. एकतीस वर्षं एसटीत काढलेला माणूस, त्यातली शेवटची तेरा वाहतूक नियंत्रक म्हणून. परक्या मुलखात मला दुसरीकडे कुठे करमणार?

तेव्हा तिकडे सरकारी योजना होती: बसचं एकेरी तिकीट जास्तीत जास्त दोन पौंड. टप्पा नाही, काही नाही. पुढच्या चौकात उतरा नाहीतर शेवटच्या थांब्याला, दोन पौंडांच्या वर जाणार नाही. (जानेवारीत त्याचे तीन झाले. योजना कुठलीही असो, जानेवारीत काहीतरी होतंच.) ज्याने आयुष्यभर टप्प्याटप्प्याचं भाडं मोजलं त्याला ही चैनच वाटली. मी शेवटच्या थांब्यापर्यंत जायला लागलो. त्यातला एक रस्ता विलिंग्टनवरून क्रूकला जातो, आणि क्रूकहून चढण लागते ती टो लॉची. खिडकीतून एक गोष्ट सारखी दिसायची. दर चार-पाच मैलांवर गाव, आणि गावाच्या कडेला फ्लडलाइटचे उंच खांब. गाव केवढं, तर एक मोठा रस्ता, एक चर्च, दोन पब. आणि त्याला फ्लडलाइटचं मैदान? पहिल्यांदा मला वाटलं मालधक्का असेल.

ती सगळी नॉर्दर्न लीगची मैदानं. काही आजची, काही एकेकाळची.

ही लीग १८८९ची. तिच्या आधी एकच वर्ष, १८८८ला, इंग्लंडची मूळ फुटबॉल लीग सुरू झाली. म्हणजे आज चालू असलेल्या लीगांमध्ये ही वयाने दुसरी. पुढे जो न्यूकॅसल युनायटेड झाला तो न्यूकॅसल ईस्ट एंड आधी हिच्यात खेळायचा. मिडल्सबरोने १८९०च्या दशकात ही तीनदा जिंकली. आज तिचा पहिला विभाग इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवर आहे आणि दुसरा विभाग दहाव्या. घरातली थोरली आत्या लग्नात मागच्या पंगतीला बसलेली दिसावी, तसं काहीसं. तिला तिथे कुणी बसवलं, हा प्रश्न मला पडला. उत्तर मिळालं ते माझ्याच खात्यातलं निघालं.

शिडी अशी. सगळ्यात वर प्रीमियर लीग, २० संघ. तिच्याखाली तीन पायऱ्या, प्रत्येकी २४. हे ९२ संघ म्हणजे जगाला माहीत असलेला इंग्लिश फुटबॉल. पाचव्या पायरीवरही अख्ख्या देशाचा एकच गट. सहाव्या पायरीवर दोन गट होतात, उत्तर आणि दक्षिण. सातवीवर चार. आठवीवर आठ. नववीवर सोळा.

म्हातारेबुवांनी हे मला संघाच्या नावांच्या कागदामागे पेन्सिलने काढून दाखवलं. वरचे चढतात, खालचे उतरतात, जिंकलं तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. ते सगळं जगभर तेच आहे. माझं लक्ष त्या एक, दोन, चार, आठ, सोळावर अडकलं. दर्जाची शिडी म्हणून लोक जी दाखवतात ती मला सरळसरळ किलोमीटरची शिडी दिसली. जसजसं खाली यावं तसतसा गट लहान, गावं जवळजवळ, बस रात्री वेळेवर परत. एक पायरी वर गेलं की मुलूख दुप्पट. डेपोत आम्ही साधी गाडी, लांब पल्ल्याची गाडी आणि मुक्कामी गाडी वेगळी काढायचो, त्याच हिशेबाने या लोकांनी फुटबॉल कापलाय. मी तसं बोललोही. म्हातारेबुवा जरा विचार करून म्हणाले, "हे आमच्याकडच्यांना कुणी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

त्यांचा रोख कुठे होता ते कळायला मला आणखी तीन शनिवार लागले.

तोवर मी तिथला चेहरा ओळखीचा झालो होतो. जिथे प्रेक्षक शे-दीडशे, तिथे टोपी-मफलरातला मराठी माणूस लपत नाही. सेक्रेटरी नावाचा जो माणूस होता तो सकाळी मैदानात लोखंडी काटा खुपसून पाण्याला वाट करून द्यायचा, दुपारी गेटवर तिकीट फाडायचा आणि हाफटाइमला सोडतीची तिकिटं विकायचा. सामना संपला की निकाल लीगला कळवणंही त्याच्याकडेच. पगार शून्य. मी त्याला विचारलं, यातलं सगळ्यात अवघड काम कोणतं? तो म्हणाला, "एप्रिल."

मला ते एका शब्दात समजलं. तिकडे डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. मैदान कधी गोठतं, कधी त्यावर तळं साचतं. पंच सकाळी येऊन बूट दाबून बघतो आणि सामना रद्द करतो. रद्द झालेला सामना कुठे जात नाही, तो साठतो. जानेवारी-फेब्रुवारीचं साठलेलं सगळं एप्रिलच्या डोक्यावर येऊन पडतं, मग शनिवार, सोमवार, बुधवार असे सामने लागतात. दिवसभर छपरावर कौलं चढवलेला पोरगा संध्याकाळी नव्वद मिनिटं धावतो, परत एक दिवसाआड. आमच्याकडे घाट बंद झाला की रद्द किलोमीटर कागदावर भरून मोकळं होता यायचं. इथे ते भरून काढावे लागतात. फ्लडलाइटचे खांब का, ते तेव्हा उमगलं. ते नसतील तर मधल्या वारी सामना होणं शक्य नाही, आणि मग मोसमच संपणार नाही.

म्हणूनच नियमात त्यांची सक्ती आहे. नुसतं जिंकून वरच्या पायरीला जाता येत नाही. मैदानाला कुंपण हवं, कडेने पक्की वाट हवी, छप्पर हवं, ठराविक खुर्च्या हव्यात, पंचांना वेगळी खोली हवी. फुटबॉल असोसिएशनचा (एफए, तिकडची फुटबॉलची शिखर संस्था) माणूस येऊन मोजून जातो. गाडीचं पासिंगच ते! संघ पहिला आला आणि मोजणीत खुर्च्या कमी निघाल्या, तर बढती अडू शकते. आणखी एक नियम मला भलताच आवडला. पंचाशी हुज्जत घातली तर खेळाडूला दहा मिनिटं बाहेर उभं करतात. शाळेत करायचे तसं. एकदा एक दांडगा सेंटर-हाफ त्या वाऱ्यात दहा मिनिटं कुडकुडत उभा होता आणि एक बाई त्याला चहा नेऊन देत होती. त्याची आई असावी. किंवा नसेलही, तिकडे कुठलीही बाई कुणालाही चहा देते.

आता म्हातारेबुवांच्या त्या वाक्याकडे येतो.

डरम परगणा म्हणजे कोळसा. खाण तिथे गाव, गाव तिथे संघ. खाणी जवळजवळ, म्हणून गावं जवळजवळ, म्हणून संघही जवळजवळ. या लीगची घट्ट वीण जमिनीखालच्या कोळशाने ठरवलेली. १९०६पासून ती पूर्णपणे हौशी खेळाडूंची झाली. हौशी म्हणजे पगार घ्यायचा नाही. सामना संपवून कपडे बदलताना आपल्या बुटात चार नोटा सापडल्या तर त्या तिथे कशा आल्या हे विचारायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे तिकडे सगळ्यांना ठाऊक होतं. पण खेळ खणखणीत. हौशी संघांचा देशभराचा मोठा करंडक होता, अॅमॅच्युअर कप. बिशप ऑकलंडने तो दहा वेळा जिंकला, त्यात १९५५, १९५६, १९५७ असा लागोपाठ तीनदा. फेब्रुवारी १९५८मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचा संघ होत्याचा नव्हता झाला, तेव्हा मदतीला धावलेल्यांत याच बिशप ऑकलंडचे तीन खेळाडू होते. त्यातला वॉरन ब्रॅडली पेशाने शिक्षक. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडच्या मुख्य संघाकडून खेळला.

१९५०च्या अंतिम सामन्यात बिशप ऑकलंडसमोर होतं विलिंग्टन. या दोन गावांत अंतर चार-पाच मैलांचं. सकाळी चालत निघालं तरी दुपारच्या जेवणाला पोहोचावं. पण अंतिम सामना वेम्ब्लीला, म्हणून दोन्ही गावं उठून अडीचशे मैलांवर लंडनला गेली आणि ८८ हजार लोकांसमोर एकमेकांशी खेळली. विलिंग्टनने ४-० असा फडशा पाडला. १९५४ला क्रूक विरुद्ध बिशप ऑकलंड: पुन्हा शेजारी, पुन्हा वेम्ब्ली, या वेळी लाखभर लोक, आणि बरोबरी. मग न्यूकॅसलला पुन्हा सामना, पुन्हा बरोबरी. तिसऱ्यांदा मिडल्सबरोला क्रूक १-०ने जिंकलं. मी मनातल्या मनात सगळ्या फेऱ्यांचं भारमान, म्हणजे गाड्या किती भरल्या असतील ते, काढलं. अशी जत्रा स्पेशल मी नोकरीत एकही पाहिली नाही.

आणि वेस्ट ऑकलंड! त्यांची गोष्ट याहून कहर. चहावाले लिप्टन माहीत आहेत ना, त्या सर थॉमस लिप्टन यांनी इटलीत ट्युरिनला एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. १९०९ला इंग्लंडकडून गेला तो या खाणगावचा संघ. मोठे क्लब सोडून हेच कसे गेले याच्या बऱ्याच कहाण्या आहेत, त्या सोडून देऊ. हे जिंकले. १९११ला पुन्हा गेले, आणि अंतिम सामन्यात युव्हेंटसला ६-१ असं हरवलं. तेच युव्हेंटस. दोनदा जिंकल्यामुळे करंडक कायमचा यांचा. फक्त जाण्यायेण्याच्या खर्चाने क्लबचं कंबरडं मोडलं. अखेर तो आंतरराष्ट्रीय करंडक गावातल्या हॉटेलवालीकडे ४० पौंडांत गहाण पडला. तो सुटला १९६०मध्ये, १०० पौंड देऊन. १९९४मध्ये चोरीला गेला तो गेलाच. आता गावात आहे ती प्रतिकृती.

हे मी नातवाला सांगितलं तर तो म्हणाला, "आजोबा, म्हणजे ते जिंकले की हरले?" मी म्हटलं, जिंकले, पण परतीचं भाडं महाग पडलं.

परतीचं भाडं. या लीगच्या पुढच्या गोष्टीतही तेच आहे. साठच्या दशकापासून खाणी एकेक मिटत गेल्या. १९७४मध्ये हौशी आणि व्यावसायिक हा भेदच फुटबॉल असोसिएशनने काढून टाकला आणि अॅमॅच्युअर कप बंद झाला. तरी दम होता. १९७७-७८च्या मोसमात ब्लाइथ स्पार्टन्स हा नॉर्दर्न लीगचा संघ एफए कपमध्ये, म्हणजे लहानमोठ्या क्लबांच्या देशभराच्या बाद स्पर्धेत, पाचव्या फेरीपर्यंत गेला, वाटेत वरच्या ९२तल्या स्टोक सिटीला त्यांच्याच मैदानावर हरवून. रेक्सहॅमविरुद्धचा फेरसामना न्यूकॅसलला झाला तेव्हा ४२ हजारांवर माणूस होता. आणि अगदी त्याच सुमारास, १९७९मध्ये, वरच्या ९२ संघांखालच्या फुटबॉलची नवी मांडणी सुरू झाली. आजची शिडी तिच्यातूनच झाली. नॉर्दर्न लीग शिडीला जोडून घेणार का?

यांनी नाही म्हटलं.

यावर पोथी लिहिता येईल इतकी मतं मी ऐकली. गर्व होता, थोरल्या आत्याचा तोरा होता, म्हणे. असेलही. पण त्या लोकांच्या हातात फळा-खडू देऊन हिशेब करायला लावला असता तर त्यांनी लिहिलं असतं ते मला लिहिता येतं. वरच्या लीगमध्ये गेलं की देशाच्या पार पश्चिम कडेच्या लँकेशायरच्या पलीकडचे सामने. मंगळवारी संध्याकाळी साडेसातला सामना, म्हणजे दुपारी तीनला बस निघणार, म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा. परत यायला मध्यरात्र उलटणार, आणि बुधवारी सकाळी सातला पोरं कामावर. बसचं भाडं, ड्रायव्हरचे जादा तास, रस्त्यात चिप्स. त्यासमोर गेटवर जमणार किती? शेजारच्या गावाशी सामना असला तर शेजारचं गाव येतं. दीडशे मैलांवरून कोण येणार? तोट्यातली लांब पल्ल्याची फेरी सुरू करा असा वरून कागद आला की डेपोतली माणसं कशी गप्प बसतात, ते मी पाहिलंय.

तरीही माझं मत विचाराल तर त्यांचं चुकलं. आणि त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. शिडी त्यांच्याविना उभी राहिली. बिशप ऑकलंड, व्हिटली बे यांनी १९८८ला लीग सोडून वरची वाट धरली. अखेर १९९१ला नॉर्दर्न लीग शिडीत आली तेव्हा चांगल्या पायऱ्या भरल्या होत्या. उशिरा येणाऱ्याला उभं राहूनच प्रवास करावा लागतो.

पण याला एक गमतीची शेपूट आहे. वर जायला नाखूश असलेले तगडे संघ खालीच राहिले तर काय होणार? खालच्या पायऱ्यांसाठी असलेला एफए व्हाज हा करंडक हे लोक लुटायला लागले. व्हिटली बे एव्हाना परत खाली आलं होतं. त्यांनी २००९, २०१०, २०११ असा सलग तीनदा जिंकला. पुढे डन्स्टन, मग स्पेनीमूर. २०१५ला नॉर्थ शील्ड्स, २०१६ला मॉर्पेथ, २०१७ला साउथ शील्ड्स. अंतिम सामना वेम्ब्लीला; म्हणजे पुन्हा त्याच अडीचशे मैलांच्या बसेस. वर्षातून एकदा ते अंतर कुणाला जड नाही. दर मंगळवारी जड. आताशा मात्र वारं फिरलंय. साउथ शील्ड्स, मॉर्पेथ, डन्स्टन एकामागून एक वर गेले. एक तर वरच्या पायऱ्यांचे गट आता लहान, दुसरं म्हणजे रस्ते बरे.

टो लॉ मात्र आपल्या टेकडीवर आहे. त्यांच्या नावावर एक मोठा सौदा आहे. सॉसेजच्या कारखान्यात कामाला असणारा, खांदे पाडून चालणारा एक विंगर त्यांनी १९८०मध्ये न्यूकॅसलला विकला. हजार पौंडांना. नाव ख्रिस वॉडल. १९८९ला त्याला लंडनच्या टॉटनहॅमकडून फ्रान्सच्या मार्सेय क्लबने घेतलं तेव्हा किंमत होती ४५ लाख पौंड. आणि १९९०च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध निर्णायक पेनल्टी त्याने गोलच्या पार वरून मारली, तीही नेमकी ट्युरिनला. "आमच्या वाऱ्याची सवय," म्हातारेबुवा म्हणाले. "तिकडे वारा नव्हता ना."

परतायच्या आधीचा शेवटचा शनिवार मी टो लॉसाठी राखून ठेवला होता. क्रूकच्या पुढे चढणीला लागलो तशी काचेवर पांढुरकी साय धरायला लागली. मैदानाचं गेट बंद. आतून सेक्रेटरी काटा घेऊन येताना दिसला. काटा जमिनीत जातच नव्हता, नुसता ठणठण वाजत होता. पंच सकाळीच पाहून गेला होता. "तुम्हाला निरोप द्यायला नंबर नव्हता हो," तो म्हणाला आणि चहाची खोली उघडून त्याने दोघांपुरता चहा केला. सामना आता तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारी. मी म्हटलं, मी रविवारी निघतोय. त्याने मान हलवली. मग खिशातून सोडतीची दोन तिकिटं काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, लागलं तर कळवीन. नंबर घेतला तो तेव्हा.

त्या मंगळवारी मी घरी होतो. तिकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे रात्रीचा एक. पावणेतीनचा गजर लावून उठलो, हिची झोप मोडू नये म्हणून फोन पांघरुणात घेऊन पाहिला.

"काय झालं?" तिने पाठ न वळवता विचारलं.

"रद्द. मैदान गोठलंय."

"मग?"

"एप्रिलात घेतील."

ती काही बोलली नाही. मी उठून कॅलेंडरजवळ गेलो आणि अंधारात चाचपडत एप्रिलचं पान शोधायला लागलो.